गुपित, पेटंट आणि अण्णाकाका

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. २००४ साली डार्मस्टाटला मास्टर्स करायला आलो आणि पुढे आपल्यातल्या बहुतेकांसारखा आयटीत रमलो. कंपन्यांचे आणि वकिलांचे कागद कॉम्प्युटरमध्ये नीट लावून देणं हा माझा धंदा. त्यातली तीन वर्षं म्युनिकमध्ये पेटंटच्या कागदांत गेली. संपादकांनी यंदा इतिहासावर काहीतरी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शिवाजी महाराज किंवा पेशवे असावेत. पण माझ्या डोक्यात गेली काही वर्षं एक वेगळाच इतिहास घोळतो आहे. तो आपण राहतो त्या या देशातलाच आहे, मधूनच तो मुंबई-पुण्यालाही जाऊन येतो, आणि त्याची सुरुवात माझ्यापुरती वाईहून आलेल्या एका फोनने झाली.

२०१७ चा नोव्हेंबर. रविवारची सकाळ, तव्यावर थालीपीठ. फोनवर माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. अण्णाकाकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला होता, तो यकृतापर्यंत पोचला होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन होणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. दादा म्हणाला, "तुझ्या जर्मनीत एक दवाखाना आहे. रक्त काढतात, त्यातल्या पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. पेटंटेड पद्धत आहे. नोबेल मिळालेला शोध आहे. मी माहितीपत्रक पाठवलंय, तू बघ आणि सांग. ओढ्याकाठचं शेत विकायला गिऱ्हाईक तयार आहे."

माहितीपत्रक सुरेख होतं. हिरवळ, हसरे आजी-आजोबा, पांढऱ्या कोटातले डॉक्टर. 'पेटंटेड' हा शब्द त्यात चार वेळा आला होता. खर्चाचा आकडा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

मला पेशींमधलं काही कळत नव्हतं, पण पेटंट शोधता येत होतं. म्हणून तिथून सुरुवात केली.

कोतवाल आणि चावडी

आधी ही भानगड काय ते आपल्या भाषेत सांगतो. जुन्या काळी गावात परका माणूस शिरला की कोतवाल त्याला हेरायचा आणि चावडीवर वर्दी द्यायचा. मग पाटील माणसं गोळा करून निघायचा. आपल्या शरीरातही असे कोतवाल असतात. त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. त्यांना झाडासारख्या फांद्या असतात, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'झाड' या शब्दावरून हे नाव. परक्या जंतूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा एखादा तुकडा त्या उचलतात, लसिकाग्रंथींच्या चावडीवर नेतात आणि तिथल्या सैनिक पेशींना दाखवतात, की हा बघा, असा दिसतो चोर. या तुकड्याला अँटिजेन म्हणतात. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली, घरभेदी. त्यामुळे कोतवालाला ती सहसा चोर वाटतच नाही. मग डॉक्टरांनी विचार केला, की चोराचा फोटो आपणच कोतवालाच्या हातात दिला तर? सगळं घोडं अडतं ते इथेच. फोटो त्याच्या हातात पोचवायचा कसा? या 'पोचवण्याच्या' पद्धतींवर गेल्या तीस वर्षांत पेटंटांचे ढीग पडले आहेत.

हा कोतवाल पहिल्यांदा दिसला तो जर्मनीत. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाच्या त्वचेच्या कापावर सोन्याच्या क्षाराचं द्रावण वापरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांच्या पेशी पाहिल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली पेशींची बेटं शोधली. मधुमेह म्हटला की डॉक्टर ज्यांचं नाव घेतात ती हीच 'लांगरहान्सची बेटं'. अण्णाकाकांचा आजार स्वादुपिंडाचा आणि इलाज या पेशींचा. दोन्ही ठिकाणी एकाच पोराचं नाव बघून मी चमकलो. पुढे हा लांगरहान्स क्षयाने आजारी पडला, हवापालटासाठी मदेइरा बेटावर जाऊन राहिला आणि १८८८ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला. त्वचेतल्या त्या पेशी नक्की काय करतात हे कळायला पुढची शंभर वर्षं लागली.

गुपिताचा प्रताप

क्षयाचं नाव निघालं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ऑगस्ट १८९० मध्ये, बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केलं की क्षयावर चालणारा पदार्थ आपल्याला सापडला आहे. क्षयाचा जंतू १८८२ साली त्यांनीच शोधलेला, त्यामुळे त्यांच्या शब्दावर अविश्वास कोण दाखवणार? नोव्हेंबरात त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि युरोपभरातून रोगी आणि डॉक्टर बर्लिनकडे धावले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल हे स्वतः डॉक्टर. तेही गेले, आणि हा इलाज अजून सिद्ध झालेला नाही असं लिहून मोकळे झाले.

आजच्या भाषेत बोलायचं तर कॉख रोग्याला अँटिजेनच टोचत होते. कल्पना चुकीची म्हणता येणार नाही. पण औषधात काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. ते गुपित होतं. ते बनवणारी संस्था सरकारने काढून द्यावी यासाठी त्यांची बोलणी चालू होती आणि त्यात पैशाचाही प्रश्न होता. जानेवारी १८९१ मध्ये अखेर त्यांनी सांगितलं, की हा क्षयाच्या जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क आहे. त्याच सुमारास बर्लिनचे थोर विकृतीतज्ज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी, हे औषध घेऊनही दगावलेल्या रोग्यांची शवविच्छेदनं करून, क्षय बरा होण्याऐवजी पसरल्याचं दाखवलं. तो अर्क म्हणजे ट्यूबरक्युलिन. आजही क्षयाच्या निदानासाठी हातावर जी टोचणी करतात त्यात तोच, शुद्ध केलेल्या रूपात, वापरतात. निदानाला चालला, इलाजाला नाही.

मला या गोष्टीतलं एकच खटकतं. औषध फसणं हा काही गुन्हा नव्हे, औषधं फसतातच. पण ते महिने लोक दंडात काय टोचून घेत होते हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. विश्वास ठेवायचा तो माणसाच्या नावावर.

मारबुर्गची घोडी आणि पेटंटचा सौदा

गुपिताच्या उलट असतं पेटंट. पुष्कळांना वाटतं पेटंट म्हणजे लपवणं. खरं तर तो सौदा आहे. तुम्ही तुमची युक्ती जगाला सगळी उघडी करून सांगायची, आणि त्या बदल्यात सरकार तुम्हाला ठरावीक वर्षं तिचा हक्क देणार. आज ती वर्षं वीस आहेत. व्हेनिसने असा कायदा १४७४ साली केला. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी आपल्या माइन्झच्या गुटेनबर्गकडे असलं काही संरक्षण नव्हतं. त्याचा भांडवलदार योहान फुस्ट याने १४५५ साली कर्जापायी त्याच्यावर दावा लावला, आणि छापखान्याचं सामान फुस्टकडे गेलं.

जर्मन साम्राज्याचा पेटंट कायदा १८७७ चा. त्यात एक गमतीची अट होती. औषध, अन्न आणि रासायनिक पदार्थ यांवर पेटंट नाही, ते बनवण्याच्या पद्धतीवर मात्र मिळेल. म्हणजे पुरणपोळीवर कुणाचा हक्क नाही, पण तुमच्या खास रीतीवर आहे. दुसऱ्याने वेगळ्या रीतीने केली तर खुशाल विकावी. ही अट थेट १९६८ पर्यंत टिकली, आणि याच काळात जर्मन रंग आणि औषध कंपन्या जगात पहिल्या नंबरला गेल्या. आपल्याकडे १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंटवर अहवाल दिला, त्यात या जर्मन अनुभवाचा विचार होता. त्यातून आला आपला १९७० चा कायदा, औषधांना फक्त पद्धतीचं पेटंट देणारा. भारतातली स्वस्त औषधं त्या कायद्याच्या सावलीत वाढली. २००५ पासून तो बदलला.

या जर्मन कायद्याच्या काळात एमिल बेहरिंग यांचं काम झालं. ते कॉख यांच्याच संस्थेतले. डिसेंबर १८९० मध्ये, म्हणजे ट्यूबरक्युलिनची धामधूम चालू असतानाच, त्यांनी आणि जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी रक्तद्रवातल्या प्रतिविषाचा शोध छापला. घटसर्प आणि धनुर्वात यांच्यावरचं हे सीरम. पॉल एर्लिख यांनी त्याची ताकद मोजण्याची खात्रीची रीत बसवली, फ्रांकफुर्टजवळच्या हेक्स्ट कंपनीने १८९४ पासून ते बाजारात आणलं आणि घटसर्पाने गुदमरणारी हजारो मुलं वाचली. हेक्स्ट म्हणजे तेच, आपल्यापैकी कित्येक जण रोज एस-बानने ज्या स्टेशनवरून जातात ते. बेहरिंगना १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. त्याआधी, १८९८ साली, त्यांनी अमेरिकेत या प्रतिविषावर पेटंट मिळवलं. मुलांच्या जीवावरच्या औषधाचं पेटंट घ्यावं का, यावर तिथे बरीच टीका झाली. एर्लिखना कामाच्या मानाने फारसं काही मिळालं नाही आणि दोघांची मैत्री विटली. पैसा, श्रेय आणि रोगी यांचं त्रांगडं काही आजचं नाही. १९०४ साली बेहरिंगनी मारबुर्गला स्वतःचा कारखाना काढला. हे मारबुर्ग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुंबईत कॉख

मधल्या काळात ही गोष्ट आपल्याकडे येऊन गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवून आणि उष्णतेने मारून, लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्या वर्षी जर्मन सरकारने प्लेगचा अभ्यास करायला एक मंडळ मुंबईला पाठवलं. त्याचे प्रमुख होते तेच रॉबर्ट कॉख. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांमुळे काय झालं आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. पण तेव्हाच मुंबईत बर्लिनचे कॉख हाफकिनच्या लशीची पाहणी करत होते, हे मला जर्मनीत येऊन पंधरा वर्षं झाल्यावर कळलं.

मेलेला जंतू रश्श्यातून दंडात टोचणं हीच तेव्हाची पोचवण्याची पद्धत. कोतवाल कोण आणि तो फोटो घेऊन कुठे जातो, याचा पत्ता कुणालाच नव्हता. पण पद्धत चालली. पुढे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये घोड्यांच्या रक्तातून सीरम बनू लागलं. त्याला पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे जात, आणि घोडे द्यायचे तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली पुण्याला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. बेहरिंगच्या युक्तीचं हे हडपसरातलं नातवंडच म्हणायचं.

कोतवालाच्या हाती फोटो

आता मूळ पेशींकडे येऊ. १९७३ साली न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी डेंड्रायटिक पेशींना नाव दिलं. हाच तो कोतवाल हे पटवायला स्टाइनमनना पुढची वीस वर्षं झगडावं लागलं. अडचण अशी, की या पेशी रक्तात फार थोड्या. १९९४ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे निकोलाउस रोमानी आणि गेरोल्ड शुलर, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे फेडेरिका सालुस्टो आणि अँटोनियो लांझावेकिया, यांनी रक्तातून त्या प्रयोगशाळेत भरपूर वाढवण्याची रीत दाखवली. शुलर पुढे जर्मनीत एर्लांगेनला आले आणि त्वचेच्या कॅन्सरवर अशा पेशींचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षं केले. १९९६ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एली गिल्बोआ यांच्या गटाने कोतवालाला चोराच्या फोटोऐवजी फोटो काढायची कृतीच दिली, म्हणजे आरएनए. २००० साली ट्यूबिंगेनचे इंगमार होअर यांनी पेशी बाहेर न काढता आरएनए सरळ उंदराला टोचलं तरी शरीर जागं होतं हे छापलं आणि त्याच वर्षी क्युअरव्हॅक कंपनी काढली.

पेटंटवाल्यांची कसरत सुरू होते ती इथे. १९७३ साली म्युनिकमध्ये सह्या झालेल्या युरोपीय पेटंट करारात स्पष्ट म्हटलं आहे, की माणसाच्या शरीरावर करायच्या उपचाराच्या पद्धतीला पेटंट नाही. डॉक्टरच्या हाताला कायद्याची बेडी नको, हा त्यामागचा विचार. आपल्या भारतीय कायद्यातही तसंच आहे. रक्त काढून, त्यावर काही करून, ते त्याच माणसाला परत चढवणं हाही उपचारच. मग पेटंट मागायचं कशावर? तर तयार पेशींवर, आरएनएच्या रचनेवर, त्याला गुंडाळणाऱ्या चरबीच्या थेंबावर, पेशी वाढवायच्या द्रावणावर. एका टोचणीच्या पोटात अशी डझनभर पेटंटं, डझनभर मालकांची.

काकांचा प्रश्न

आता दादाच्या माहितीपत्रकातलं पेटंट. युरोपीय पेटंट ऑफिसची एस्पासनेट नावाची मोफत सोय आहे, कुणीही घरबसल्या शोधावं. नंबर माहितीपत्रकात नव्हता, नावावरून शोधला. सापडला तो मंजूर झालेलं पेटंट नव्हे, नुसता अर्ज, आणि फी न भरल्यामुळे तो मागे घेतल्याचं मानलं गेलं होतं. पण तेही जाऊ दे. मी अर्ज पूर्ण वाचला. पेशी वाढवायच्या द्रावणाची ती एक रीत होती. सगळे प्रयोग निरोगी रक्तदात्यांच्या रक्तावर, काचेच्या भांड्यात. कॅन्सरचा एकही रुग्ण त्यात नव्हता.

आणि अर्ज मंजूर झाला असता तरी काय? पेटंट तपासणारा अधिकारी विचारतो, की हे नवीन आहे का, या विषयातल्या माणसाला सहज सुचलं असतं का, उद्योगात वापरता येईल का, आणि वाचून दुसऱ्याला करता येईल इतकं नीट सांगितलं आहे का. हे बऱ्यापैकी चालेल असं वाटायला काचपात्रातले किंवा उंदरांवरचे प्रयोगही पुरतात. रोगी जास्त जगतो का, हे विचारणं त्याचं कामच नाही. ते औषधांना परवाने देणाऱ्यांचं काम.

त्या बाजूचा हिशेबही बघितला. तोवर जगात मोठ्या चाचणीतून पार होऊन नावारूपाला आलेलं असं एकच औषध होतं, प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं प्रोव्हेंज. २०१० साली अमेरिकेत परवाना मिळाला. चाचणीत आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढलेलं दिसलं, किंमत ९३,००० डॉलर. युरोपात २०१३ साली परवाना मिळाला, कंपनीचं दिवाळं वाजलं आणि २०१५ साली तो परवाना मागे घेतला गेला. स्वादुपिंडासाठी परवाना असलेलं असं काहीही नव्हतं. इथल्या एका कॅन्सरतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, की आजाराच्या या टप्प्यावर माझ्या वडिलांना मी प्रवासाला पाठवलं नसतं.

दादाला हे सांगणं सोपं नव्हतं. त्याचा मुद्दा बिनतोड होता. "अरे, ज्याला नोबेल मिळालं त्याने स्वतःवर हेच केलं. त्यालाही स्वादुपिंडाचाच होता." खरंच होता. स्टाइनमनना २००७ साली स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्या पेशींच्या लशी घेतल्या आणि ते साडेचार वर्षं जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. समितीला ते गेल्याचं माहीत नव्हतं. पण त्यांचं ऑपरेशन झालं होतं, केमोथेरपी झाली होती आणि वेगवेगळ्या लशी झाल्या होत्या. कशामुळे जगले हे एका माणसावरून कसं ठरवणार? हे मी दादाला सांगितलं आणि फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग अण्णाकाकांनीच फोन घेतला. वाईच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. आवाज खोल गेला होता, पण शिक्षकी शाबूत. म्हणाले, "अरे, मला एकच सांग. ते पेटंट दिलं कुणी, डॉक्टरांनी की वकिलांनी?"

मी म्हटलं, "काका, सरकारी अधिकाऱ्यांनी. इंजिनियर, शास्त्रज्ञ असतात. आणि हे तर दिलेलंही नाही."

"म्हणजे नवं आहे एवढंच बघतात. उत्तर बरोबर आहे का ते नाही बघत."

"तसंच काहीसं."

"मग शेत राहू दे. आणि तू हे सगळं कुठे वाचलंस?"

"कुणालाही वाचता येतं, काका. उघडंच असतं."

"हे बरं आहे," काका म्हणाले. "उघडं असतं हे बरं आहे."

फेब्रुवारीत ते घरीच गेले. शेत आहे.

सोन्याच्या खाणीचा पत्ता

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लेख लिहिला नसता. माइन्झमध्ये 'आन डेअर गोल्डग्रुबं', म्हणजे 'सोन्याच्या खाणीपाशी', या नावाचा रस्ता आहे. त्यावर १२ नंबरला २००८ साली स्थापन झालेली बायोएनटेक. उगुर शाहीन यांचे वडील तुर्कस्तानातून येऊन कोलोनच्या फोर्ड कारखान्यात कामाला लागले. उगुर चार वर्षांचे असताना इथे आले. त्यांच्या पत्नी ओझलेम त्युरेची इथेच जन्मलेल्या, इस्तंबूलहून आलेल्या सर्जनच्या कन्या. दोघं मुळात कॅन्सरवाले. २०१६ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की आरएनए भरलेल्या चरबीच्या थेंबांवरचा विद्युतभार थोडा ऋण ठेवला, की शिरेतून दिल्यावरही ते प्लीहेतल्या डेंड्रायटिक पेशींपर्यंत आपोआप पोचतात. रक्त बाहेर काढायची गरजच नाही. टपाल थेट कोतवालाच्या घरी. दादाचा फोन आला तेव्हा हा लेख छापून दीड वर्ष झालं होतं, आणि मी राहत होतो तिथून माइन्झ तासाभरावर. पण तेव्हा तीन रुग्णांपुरती ती सुरुवात होती.

मग कोविड आला आणि कॅन्सरसाठी बसवलेली यंत्रणा लशीच्या कामी आली. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी आनंदीबाईंच्याच फिलाडेल्फियात २००५ साली आरएनएमध्ये केलेला बदल त्या लशीत वापरला गेला. त्याचं पेटंट त्यांच्या विद्यापीठाकडे, वापरायला इतरांनी परवाना घ्यायचा. दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं. आणि लस बनवायला बायोएनटेकने २०२० साली कोणता कारखाना घेतला? मारबुर्गचा, बेहरिंगच्या जुन्या वसाहतीतला. पुढच्या वर्षी तिथे उत्पादन सुरू झालं.

भांडणंही मागोमाग आली. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली, की कोविडपुरते पेटंटचे हक्क बाजूला ठेवा. जर्मनीने विरोध केला. जून २०२२ मध्ये तोडगा निघाला तो बराच पातळ. त्या दिवसांत इथे टॅक्स भरणारा मी आणि तिकडे आईच्या दुसऱ्या डोसची वाट बघणारा मी, यांचं आपसात पटत नव्हतं. त्याच महिन्यात पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला भारतात आपत्कालीन परवानगी मिळाली, ही त्यातली समाधानाची बातमी. जुलै २०२२ मध्ये ट्यूबिंगेनच्या क्युअरव्हॅकने माइन्झच्या बायोएनटेकवर ड्युसेलडॉर्फला दावा लावला, की आमची पेटंटं वापरलीत. डिसेंबर २०२३ मध्ये म्युनिकच्या संघीय पेटंट न्यायालयाने त्यातलं एक पेटंट रद्दच ठरवलं. जून २०२५ मध्ये बायोएनटेकने क्युअरव्हॅक विकत घेण्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये भांडण तडजोडीने मिटलं. म्हणजे पेटंट हा मालकीचाही शेवटचा शब्द नव्हे. न्यायालय उद्या म्हणू शकतं, की हे द्यायलाच नको होतं. गुणाचा दाखला तर तो कधीच नव्हता.

मे २०२३ मध्ये दादाने मला एका बातमीचं कात्रण पाठवलं. न्यूयॉर्कमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या सोळा रुग्णांना, ऑपरेशननंतर, इतर औषधांच्या जोडीने, माइन्झमध्ये प्रत्येकासाठी वेगळी बनवलेली आरएनए लस दिली. आठ जणांच्या शरीराने कॅन्सर ओळखला आणि त्या काळात त्यांचा आजार परत येणं लांबलं. खाली दादाने लिहिलं होतं, "हेच होतं का ते? अण्णांना मिळालं असतं का?"

मी उत्तर लिहिलं, की नाही, ते हे नव्हतं. ही लस ऑपरेशन होऊ शकलेल्यांसाठी, चाचणीतली, आणि सोळा जण म्हणजे सुरुवात आहे. काकांचा आजार पुढे गेला होता. सगळं खरं होतं. तरी पाठवायला मला अर्धा तास लागला.

मंडळी, आपण इथे राहतो म्हणून गावाकडून असे फोन आपल्यालाच येतात, पुढेही येतील. 'जर्मन' आणि 'पेटंटेड' हे दोन शब्द एकत्र आले की शेतं विकायला निघतात. तेव्हा एवढं करा. पेटंटचा नंबर मागा आणि वाचा, वाचायला पैसे पडत नाहीत. त्यात रुग्ण किती आहेत ते मोजा. मग औषधाला परवाना कुणी दिला ते विचारा. कॉखच्या रोग्यांना हे विचारायची सोय नव्हती, आपल्याला आहे. आणि समोरचा फारच घाईत असेल तर अण्णाकाकांचा प्रश्न विचारा, की हे कुणी दिलं, आणि उत्तर बरोबर आहे का ते कुणी तपासलं?